कळपाच्या पावलाने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१७, स्तोत्र २३, यशया ४९:८-१०, प्रकटीकरण ७:१३-१७



काशीस गंगेच्या पश्चिम तीरावर, दशाश्वमेध घाटापासून दक्षिणेकडे थोडेसे चालत गेले की अहिल्याबाई घाट लागतो. त्या स्थळाशी निगडित असलेली श्रद्धा आपली नाही; परंतु ते नाव प्रत्येक मराठी माणसाचे आहे. घाट म्हणजे पाण्याकडे उतरण्याची वाट. ज्येष्ठ महिन्यात काशीचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, नदी आटून खाली जाते आणि तीर उभा चढणीचा होतो. अशा वेळी म्हाताऱ्यांना व लेकरांनाही पाय न घसरता पाण्यापर्यंत पोहोचता यावे, अशी सोय त्या दगडी पायऱ्यांनी केली आहे.

ज्यांच्या नावाने हा घाट ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर १७२५ साली चौंडी या गावी, धनगर समाजातील माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी जन्मल्या. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली त्यांचेच नाव देण्यात आले. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. येथे पावसापेक्षा उन्हाचीच ओळख अधिक. १७५४ साली त्यांचे पती खंडेराव युद्धात पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव वारले आणि १७६७ साली एकुलता पुत्र मालेरावही गेला. त्यानंतर १७९५ सालापर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्यकारभार पाहिला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आत, १८२३ साली, सर जॉन माल्कम यांचा मध्य भारताविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत वाटसरूंना पाणी देण्यासाठी अहिल्याबाईंनी रस्त्यांवर माणसे नेमली होती. आणि महेश्वराच्या आसपासच्या शेतांत नांगराला जुंपलेले बैल कामाच्या मध्येच थांबवून, राणीने पाठवलेला सेवक त्यांना पाणी पाजीत असे. वाटसरूंसाठी पाणपोई घालणारे पुष्कळ असतात. पण मुके जनावर काम करीत असता त्याला थांबवावे, त्याची तहान त्याने सांगण्यापूर्वीच ओळखावी, ही जाण निराळी आहे. मेंढरांच्या सोबतीने जगणाऱ्या लोकांच्या घरी वाढलेल्या मुलीला ती कोणी शिकवावी लागली नसेल, असे मला वाटते.

या जाणिवेविषयी शास्त्र पुष्कळ बोलते. ते नीट ऐकू यावे म्हणून आधी मेंढराकडेच पाहू या.

१. मेंढराला मिळालेली देणगी

अंगावर लोकरीचे ओझे घेऊन मेंढरू उन्हात कसे जगते, हा प्रश्न लहान मूलही विचारील. उत्तर असे की जी लोकर थंडी आत येऊ देत नाही तीच ऊनही आत येऊ देत नाही. ऑस्ट्रेलियात भर उन्हात उभ्या असलेल्या मेरिनो मेंढ्यांची मोजमापे घेतली गेली, तेव्हा लोकरीच्या टोकाशी तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले असतानाही कातडीजवळ ते सुमारे ४२ अंशच भरले. म्हणून कडक उन्हात अगदी कातडीपर्यंत कातरलेल्या मेंढराला लोकर असलेल्या मेंढरापेक्षा अधिक त्रास होतो. आपली दख्खनची मेंढी तर या मुलखासाठीच घडवलेली वाटते. तिची लोकर जाडीभरडी व विरळ, वारा आत खेळू देणारी. कपाळ, पोट आणि पाय बहुधा लोकरीवाचून उघडे. पाठीवर ऊन अडते आणि पोटाखालून उष्णता निघून जाते. त्याच लोकरीचे घोंगडे धनगर पाऊस, थंडी आणि ऊन या तिन्हींत वापरतो.

माणूस घामाने गार होतो. मेंढराला घाम थोडा, आणि तो लोकरीखाली वाळतही नाही. म्हणून ते श्वासाने गार होते. सावलीत स्वस्थ असलेले मेंढरू मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेते. तेच उष्म्यात दोनशेच्याही वर जाते. धाप लागताना नाकातील ओलावा वाफ होऊन जातो, तेथील रक्त थंड होते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जाताना ते मेंदूकडे निघालेल्या रक्ताला गारवा देते. अंग तापले तरी डोके त्या मानाने शांत राहते. निर्माणकर्त्याची ही योजना पाहून मन नम्र होते.

पाण्याच्या बाबतीतही मेंढरू काटकसरी आहे. त्याच्या पोटाचा मोठा कप्पा पाण्याचा साठा म्हणून उपयोगी पडतो. त्याच्या लेंड्या कोरड्या असतात आणि मूत्र घट्ट. वाळवंटी जातींची मेंढरे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी गमावूनही तग धरतात व पाणवठा लाभताच ती तूट थोड्या वेळात भरून काढतात. माणूस त्याच्या निम्म्या तुटीनेच गंभीर संकटात सापडतो.

येथे भाषांतरकाराच्या मेजावरचा एक प्रश्न सांगतो. लेवीय पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शांत्यर्पणाच्या मेंढराची चरबी सांगताना इब्री भाषेत ‘अल्या’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ आहे चरबीने भरलेली रुंद शेपटी. मराठी वाचकाला तो विचित्र वाटतो, कारण दख्खनच्या मेंढीची शेपटी आखूड व बारीक. परंतु पॅलेस्टाईन व सीरिया या प्रदेशांतील मेंढरांची शेपटी अशीच मोठी व चरबीची असते. दुष्काळासाठी साठवलेली चरबी एकाच ठिकाणी राहिली, की बाकीच्या अंगावर तिचा थर चढत नाही आणि अंगातील उष्णता बाहेर पडायला वाट मोकळी राहते. म्हणजे परमेश्वराला अर्पण करावयाचा तो भाग मेंढराच्या कठीण दिवसांची शिदोरी होता.

२. देणगीची मर्यादा

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मेंढरू उन्हासाठीच केलेले आहे. मग त्याची चिंता कशाला? येथेच मेंढपाळाची कसोटी आहे. वर सांगितलेली प्रत्येक देणगी मेंढराला स्वस्थपणा मिळाला तरच पुरते. धाप लागणे हे फुकटचे नाही. त्यात पाणी जाते, शक्ती जाते आणि फार वेळ चालले तर रक्ताचे संतुलनही बिघडते. शिवाय चालणाऱ्या जनावराच्या स्नायूंत उष्णता निर्माण होत असते. वरून ऊन, आतून श्रमाची ऊब, अशा दोन आगींत सापडलेले मेंढरू कितीही काटक असले तरी कोसळते.

म्हणून माणदेशच्या माळावर धनगर सकाळी लवकर मेंढरे चारतो, मध्यान्ही थांबतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निघतो. सावली नसेल तर मेंढरेच आपली सावली करतात. ती एकमेकांना बिलगून उभी राहतात आणि प्रत्येक जण मान खाली घालून शेजाऱ्याच्या पोटाखालच्या सावलीत तोंड लपवतो. माळावर हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. जो दुसऱ्याला सावली देतो त्याचेही डोके कोणाच्या तरी सावलीत असते. मंडळी म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगले चित्र सुचत नाही.

दिवाळीनंतर अनेक धनगर कुटुंबे आपले वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणात भाताच्या मोकळ्या शेतांत खतासाठी मेंढरे बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत वर चढतात. त्या लांबच्या वाटेवर कळपाचा वेग कोण ठरवतो? सर्वांत तगडा मेंढा नव्हे. काल व्यालेली मेंढी आणि तिच्यामागे अडखळणारे कोकरू तो ठरवतात. ज्याला हे कळत नाही त्याचा वाडा टिकत नाही.

३. याकोबाचे उत्तर

आता उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय उघडा. वीस वर्षांनंतर याकोब आणि एसाव भेटले आहेत. मिठी झाली, अश्रू झाले. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. तो म्हणतो, चल, आपण बरोबरच जाऊ. आमंत्रण प्रेमाचे आहे. पण तो वेग चारशे शिपायांचा आहे. याकोब त्याला नम्रपणे समजावतो की माझी लेकरे कोवळी आहेत, माझ्याजवळ दूध पाजणाऱ्या मेंढ्या व गाई आहेत. एकच दिवस त्यांना जोराने हाकले तर सगळा कळप मरून जाईल. तू पुढे जा, मी हळूहळू येतो (उत्प. ३३:१३, १४).

या उत्तरामागे याकोबाच्या मनात भावाविषयीची धास्तीही असावी. कारण तो सेईरास न जाता दुसरीकडेच गेला. शास्त्र आपल्या माणसांचे दोष झाकीत नाही. तरीही मेंढरांविषयी तो जे बोलला ते अनुभवाचे होते. लाबानाकडे काढलेल्या वीस वर्षांचा हिशेब देताना तो सांगतो, की दिवसा उन्हाने आणि रात्री गारठ्याने माझा जीव जाई व झोप डोळ्यांवरून उडून जाई (उत्प. ३१:४०). ज्याने स्वतः ऊन सोसले त्यालाच कळपाचे ऊन कळते.

मूळ इब्रीत त्याच्या उत्तराची शब्दयोजना फार सुंदर आहे. ‘हळू’ असा आपण जेथे सारांश करतो तेथे ‘कळपाच्या पावलाने आणि लेकरांच्या पावलाने’ अशा अर्थाचे शब्द आहेत. वेगाचे माप मालकाच्या पायाला लावलेले नाही; ते लेकराच्या पायाला लावलेले आहे. आणि पुढे काय झाले ते सतराव्या वचनात पाहा. याकोबाने स्वतःसाठी घर बांधले आणि गुराढोरांसाठी मांडव घातले. म्हणून त्या ठिकाणाचे नाव सुक्कोथ, अर्थात मांडव, असे पडले. एखाद्या विजयावरून किंवा राजावरून गावाला नाव पडते. येथे जनावरांसाठी केलेल्या सावलीवरून पडले!

४. एकाच धातूची चार वचने

याकोबाने ‘मी हळूहळू येतो’ असे म्हटले त्यातील इब्री धातू आहे ‘नाहाल’. जपून, थांबत थांबत, पाण्याकडे किंवा विसाव्याकडे नेणे, अशी त्याची छटा आहे. हाच धातू पुढे तीन मोठ्या ठिकाणी भेटतो. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळ आपल्या मेंढराला विसाव्याच्या पाण्यापाशी नेतो, तेथे हाच धातू आहे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात परमेश्वर कोकरांना उराशी धरतो आणि दूध पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो, तेथे पुन्हा हाच. आणि ‘दूध पाजणाऱ्या’ हा शब्दही याकोबाच्या तोंडचाच आहे. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात बंदिवासातून परत येणाऱ्या लोकांना ऊन व झळ लागणार नाही, कारण दया करणारा त्यांना झऱ्यांपाशी नेईल असे अभिवचन आहे, तेथेही हाच. बाबेलपासून यरुशलेमेपर्यंतची वाट रुक्ष होती. देवाने लोकांना सोडवले आणि मग सैनिकांच्या वेगाने हाकले, असे संदेष्टा म्हणत नाही. सोडवणाराच पाणवठे पाहत पाहत चालवतो.

दुसरा धातू ‘राबात्स’. चार पायांचे जनावर पाय दुमडून निश्चिंत बसते, त्या बसण्याला हा शब्द आहे. स्तोत्रात मेंढपाळ हिरव्या कुरणात मेंढराला बसवतो. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात प्रिया आपल्या प्रियकराला, तू मध्यान्ही कळप कोठे बसवतोस असे विचारते. आणि यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात, स्वार्थी मेंढपाळांना दूर सारून, मी स्वतः माझ्या मेंढरांना बसवीन असे परमेश्वर सांगतो. तिन्ही ठिकाणी क्रियापदाचे रूप प्रयोजक आहे : तो बसवतो. मेंढरू बसले म्हणजे ते आळशी झाले, असे नव्हे. ते बसते तेव्हा रवंथ करते. सकाळी ओरबाडलेला चारा मध्यान्हीच्या विसाव्यात त्याच्या अंगी लागतो. वचनाचेही तसेच आहे. केवळ खात सुटणारा विश्वासणारा पुष्ट होत नाही.

५. आपणासाठी बोध

प्रथम, पाळकांनो व मंडळीच्या पुढाऱ्यांनो, मराठीने आपल्याला ‘पाळक’ हे नाव दिले आहे. ते मेंढपाळाचेच नाव आहे. आपल्या योजना चांगल्या असतील, आपला आवेश खरा असेल. एसावाचे आमंत्रणही प्रेमाचे होते. परंतु आपल्या मंडळीत आज दूध पाजणारी कोण आहे? नुकताच विश्वासात आलेला तरुण, पदरी लहान लेकरे असलेली विधवा, दिवसभर राबून संध्याकाळच्या सभेला आलेला मजूर, घरात आजारी माणूस असलेली भगिनी, यांच्या पावलाने आपला कार्यक्रम चालतो काय? ते मागे पडले की आपण त्यांना ‘थंड पडलेले’ म्हणतो. कदाचित ते थंड पडलेले नसतील. उन्हाने कोमेजलेले असतील.

दुसरे, आईवडिलांनो, लेकरांचे पाऊल कोवळे असते. शाळा, शिकवणी, परीक्षा, पुन्हा शिकवणी, अशा शर्यतीत आपण त्यांना एसावाच्या चारशे माणसांबरोबर धावायला लावतो. एकच दिवस जोराने हाकले तर काय होईल हे याकोबाला ठाऊक होते. आपण वर्षानुवर्षे हाकतो.

तिसरे, हा बोध केवळ आत्मिक अर्थाने घेऊन थांबू नका. ऊन खरे आहे आणि ते वाढत आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात मोठा समारंभ झाला. त्यात उष्म्याने चौदा माणसे मरण पावली. ती श्रद्धेने आलेली साधी माणसे होती. त्यांच्यासाठी शोक करताना आपण आपल्याकडेही पाहावे. आपल्याही उन्हाळी सभा, शिबिरे व वार्षिक मेळावे एप्रिल-मे महिन्यांतच होतात. मध्यान्हीची सभा सकाळी किंवा संध्याकाळी घेता येणार नाही काय? मांडव, पिण्याचे पाणी आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा यांची सोय वक्त्याच्या सोयीआधी होते काय?

आपल्या अनेक जुन्या मंडळ्यांच्या आवारात मोठी झाडे आहेत आणि विहिरीही आहेत. आवाराच्या फाटकाशी चैत्रापासून पाण्याचा रांजण भरून ठेवावा. रस्त्याच्या कामावरील मजूर, पोस्टमन, भाजीवाली कोणीही तो प्यावा. कोणाला त्याचे नाव-गाव विचारू नये. गावाजवळून धनगरांचा वाडा जात असेल तर त्यांच्या मेंढरांना दुपारची सावली आणि पाणी द्यावे. एका गार प्याल्याचेही प्रतिफळ बुडत नाही, असे आपल्या प्रभूने सांगितले आहे. एका राणीचा सेवक शेतातल्या बैलांना पाणी पाजी, आणि परक्या देशातून आलेल्या इतिहासकाराला ते नोंदवावेसे वाटले. आपल्या मंडळीविषयी परका माणूस काय नोंदवील?

चौथे, थकलेल्या बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक शब्द आहे. तुम्ही पुष्कळ सोसता म्हणून लोकांना वाटते की तुम्हांला काही होत नाही. लोकर दाट दिसते; आतली धाप कोणाला दिसत नाही. देवाने तुम्हांला सहनशक्ती दिली आहे हे खरे. पण विसाव्यावाचून चालत राहावे म्हणून ती दिलेली नाही. तो बसवील तेथे बसा. थांबणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. मध्यान्ही मेंढपाळ ज्या मेंढराला बसवतो ते त्याच्या आज्ञेतच असते.

६. मेंढपाळ झालेला कोकरा

शेवटी प्रकटीकरणाचा सातवा अध्याय पाहा. मोठ्या संकटातून आलेला शुभ्र झग्यांचा समुदाय सिंहासनापुढे उभा आहे. यशयाचेच अभिवचन तेथे पुन्हा ऐकू येते : भूक नाही, तहान नाही, सूर्याचा ताप नाही, कसलीही झळ नाही. मात्र योहान एक नवी गोष्ट सांगतो. त्यांना जीवनाच्या झऱ्यांपाशी नेणारा मेंढपाळ हा सिंहासनाच्या मध्यभागी असलेला कोकरा आहे. मेंढपाळ आणि मेंढरू येथे एक झाले.

ते कसे झाले? योहानाचे शुभवर्तमान दोन मध्यान्हींविषयी सांगते. सुमारे सहाव्या तासाला, ऊन माथ्यावर असता, प्रभू प्रवासाने थकून शोमरोनातील एका विहिरीवर बसला आणि एका स्त्रीकडे त्याने पाणी मागितले. ती विहीर याकोबाची होती. कळपाच्या पावलाने चाललेल्या त्याच याकोबाची. आणि पुन्हा एकदा सुमारे सहाव्या तासाला पिलाताने त्याला लोकांपुढे उभे केले. त्या दिवशी वधस्तंभावर तो तहानेने व्याकूळ झाला, आणि त्याच्या ओठांना आंब लावण्यात आली. ऊन, धाप, थकवा, तहान यांतले काहीही त्याने दुरून पाहिलेले नाही. म्हणून तो आपल्याला हाकीत नाही. त्याला आपले पाऊल ठाऊक आहे.

प्रार्थना : हे उत्तम मेंढपाळा, ज्यांना तू आमच्या हाती सोपवले आहेस त्यांच्या पावलाने चालण्याची नम्रता आम्हांला दे. तहानलेल्यांची तहान त्यांनी सांगण्यापूर्वी आम्हांला दिसू दे. आणि आम्ही स्वतः थकतो तेव्हा तू बसवशील तेथे बसण्याचा विश्वास आम्हांला दे. आमेन.